हानी न करण्याचे नीतिशास्त्र आणि सद्धम्म : काही विक्कन ग्रंथांचा परामर्श

ग्रंथपरामर्शाच्या या पानांत आम्ही बहुधा पालि वाङ्मय, बौद्ध इतिहास आणि आंबेडकरी विचार यांवरील ग्रंथांचीच चर्चा करतो. या वेळी वाचकांपुढे ठेवीत असलेली पुस्तके या कक्षेबाहेरची आहेत. विसाव्या शतकात इंग्लंडात उदयाला आलेल्या आणि पुढे अमेरिकेत पसरलेल्या 'विक्का' या धर्मपंथाशी ती संबंधित आहेत. विहारातील अभ्यासवर्गात एका तरुण उपासिकेने प्रश्न केला, की विक्काचा कोणाचीही हानी न करण्याचा जो एकमेव नीतिनियम आहे, तो म्हणजे आपल्या पंचशीलाचेच सार नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक होता. पुस्तके न वाचता त्याला 'नाही' असे उत्तर देणे सोपे होते. परंतु कालामांना केवळ ऐकीव माहितीवर आणि परंपरेवर विसंबू नका असे सांगणाऱ्या तथागताच्या अनुयायांना ते शोभले नसते. म्हणून आम्ही ही पुस्तके मिळवून वाचली. त्यांविषयी आमचे जे मत झाले, ते येथे देत आहोत.

ग्रंथ आणि ग्रंथकार

विक्काचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर (१८८४-१९६४) हा इंग्रज गृहस्थ. तरुणपणी तो सिलोनमध्ये चहाच्या मळ्यावर कामाला होता, नंतर बोर्निओत गेला आणि पुढे मलायात जकात खात्यात नोकरी करून १९३६ साली निवृत्त झाला. बौद्ध देशात राहूनही त्याच्या लेखनावर धम्माचा म्हणावा तसा ठसा दिसत नाही. त्याचे कुतूहल मंत्रतंत्रांकडे आणि शस्त्रांकडे अधिक होते. इंग्लंडातील जादूटोण्याविषयीचा १७३५ चा कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि १९५४ साली गार्डनरचा 'विचक्राफ्ट टुडे' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती धर्मापूर्वीचा एक प्राचीन निसर्गधर्म गुप्तपणे टिकून राहिला असून आपण त्याच्या उपासकांत सामील झालो आहोत, असे त्याने त्यात म्हटले. इजिप्तविद्येच्या अभ्यासक मार्गारेट मरी यांनी त्याला प्रस्तावना दिली.

दुसरा ग्रंथ डोरीन व्हॅलिएंट (१९२२-१९९९) यांचा 'द रीबर्थ ऑफ विचक्राफ्ट' (१९८९). त्या गार्डनरच्या मंडळातील प्रमुख स्त्री-पुरोहित होत्या आणि विक्काच्या विधींतील पुष्कळसा मजकूर त्यांच्याच लेखणीतून उतरला आहे. तिसरा, अमेरिकन लेखिका स्टारहॉक यांचा 'द स्पायरल डान्स' (१९७९). चौथा, लंडनमधील जादूविधी करणाऱ्या सुशिक्षित मंडळींचा मानवशास्त्रज्ञ तान्या लूरमन यांनी केलेला अभ्यास, 'पर्सुएजन्स ऑफ द विचेस क्राफ्ट' (१९८९). पाचवा, ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांचा 'द ट्रायम्फ ऑफ द मून' (१९९९). आणि सहावा, आपल्याच देशातील इप्सिता रॉय चक्रवर्ती यांचे 'बिलव्हेड विच' (२०००) हे आत्मकथन.

प्राचीनतेचा दावा

प्रथम इतिहासाचा प्रश्न. हटन यांनी साधार दाखवून दिले आहे, की विक्का हा अश्मयुगापासून अखंड चालत आलेला धर्म नसून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आलेला नवा धर्म आहे. एकोणिसाव्या शतकातील निसर्गपूजक काव्य, फ्रीमेसन मंडळांचे दीक्षाविधी, लोकसाहित्याचा अभ्यास आणि मरी यांचा १९२१ सालचा सिद्धान्त, असे त्याचे घटक आहेत. मरी यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी केव्हाच अमान्य केला आहे. चेटूक केल्याच्या आरोपावरून युरोपात ९० लाख स्त्रिया मारल्या गेल्या, ही या साहित्यात वारंवार आढळणारी संख्याही टिकत नाही; आजचे अभ्यासक ती सुमारे ४० ते ६० हजार मानतात. चाळीस हजार निरपराध माणसांची हत्या ही काही लहान गोष्ट नव्हे. अन्यायाची तीव्रता दाखविण्यासाठी आकडा फुगवावा लागत नाही. फुगविलेला आकडा उलट अन्याय करणाऱ्याच्याच हाती कोलीत देतो.

येथे आम्हांला एक गोष्ट मनापासून आवडली. हटन यांच्या ग्रंथामुळे काही विक्कन दुखावले, तरी पुष्कळांनी त्यांचे निष्कर्ष स्वीकारले. स्टारहॉक यांनीही आपल्या ग्रंथाच्या दहा आणि वीस वर्षांनंतरच्या आवृत्त्यांत स्वतःच्याच जुन्या विधानांवर टीपा लिहिल्या आणि आपले कोणते मत बदलले ते नमूद केले. धर्मग्रंथाच्या लेखकाने असे करणे विरळा.

प्राचीनतेचा दावा निरुपद्रवी नसतो, हे व्हॅलिएंट यांच्या ग्रंथातील एका हकिकतीवरून स्पष्ट होते. १९५७ साली मंडळाच्या प्रसिद्धीविषयी मतभेद झाले, तेव्हा गार्डनरने काही 'जुने कायदे' पुढे केले. स्त्री-पुरोहिताने वय झाल्यावर तरुण स्त्रीसाठी जागा सोडावी, असे एक कलम त्यांत होते. हे कायदे इतके जुने असतील, तर ते आजवर दाखविले का नाहीत, अशी शंका व्हॅलिएंट यांना आली. ते वादाच्या सोयीसाठी रचले गेले असावेत असे त्यांचे मत झाले आणि त्या मंडळातून बाहेर पडल्या. नव्या हुकमाला जुनेपणाचे वस्त्र नेसवून एका बुद्धिमान स्त्रीला गप्प बसविण्याचा हा प्रयत्न होता. मनूच्या नावाने आपल्या देशात दोन हजार वर्षे जे चालले, त्याची ही छोटी प्रतिकृती होय. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन का करावे लागले, हे ज्यांना आजही समजत नाही, त्यांनी ही हकीकत वाचावी.

परंतु केवळ दुसऱ्याकडे बोट दाखविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भिक्खुणींवर लादलेले आठ गुरुधम्म तथागताच्याच नावाने सांगितले जातात. स्त्रियांविषयी तथागताच्या तोंडी घातलेली काही वचने भिक्खूंनी मागाहून घुसडलेली आहेत, हे बाबासाहेबांनी 'महाबोधी' नियतकालिकातील आपल्या लेखात तर्काने दाखविले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटीही त्यांनी दिली आहे : जे बुद्धिसंगत आणि मानवाच्या हिताचे, तेच बुद्धवचन मानावे. 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथातील आपली उपपत्तीही त्यांनी अनुमानाच्या आधारे मांडलेली उपपत्ती म्हणूनच विद्वानांपुढे ठेवली, श्रुतिवचन म्हणून नव्हे. आपला धम्म 'नवा' आहे असे कोणी हिणवले, तर आपण गडबडून जाण्याचे कारण नाही. धर्माचे मूल्य त्याच्या वयावर ठरत नाही, हाच या सर्व वादाचा निष्कर्ष आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे.

हानी कोणी ठरवायची?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विक्काचा नीतिनियम 'रीड' या जुन्या इंग्रजी शब्दाने ओळखला जातो. व्हॅलिएंट यांनी १९६४ साली एका भाषणात तो जाहीरपणे मांडला. कोणाची हानी होत नसेल तर माणसाने आपल्या इच्छेप्रमाणे वागावे, असा त्याचा आशय आहे. 'रीड' म्हणजे सल्ला. तो ईश्वराचा आदेश नव्हे. येथवर विक्का आणि सद्धम्म शेजारी उभे राहू शकतात. पंचशील हेही कोणी वरून दिलेले आदेश नव्हेत. ती उपासकाने स्वतःहून ग्रहण केलेली शिक्षापदे आहेत. पापाची भीती घालून आणि नरकाचे चित्र दाखवून नीती शिकवू नये, हा विचार दोहोंना समान आहे. आमच्या उपासिकेला साम्य दिसले, ते उगाच नव्हे.

परंतु हानी होते की नाही, हे ठरवायचे कोणी? रीडमध्ये ते कर्त्यावरच सोपविले आहे. सद्धम्मातही प्रथम कर्त्यालाच विचार करावयाचा असतो. पण किती कसोशीने, हे अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात पाहावे. आरसा जसा पाहण्यासाठी असतो, तसे कर्मही पुन्हा पुन्हा पाहून करावे, असे तथागत राहुलाला सांगतात. कर्म करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे, केल्यानंतरही पाहावे. त्यामुळे स्वतःला, दुसऱ्याला वा दोघांनाही पीडा होते काय, हे तपासावे. काया-वाचेने पीडा झाली असे आढळले, तर ती शास्त्यापाशी किंवा सुज्ञ सहचाऱ्यांपाशी उघड करावी आणि पुढे संयम पाळावा. म्हणजे निवाडा एकट्याच्या मनात बंदिस्त राहत नाही, तो संघापुढे येतो. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका यांनी श्रवण-मनन करावे म्हणून ज्या धम्मपर्यायांची नावे कोरविली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे, ही गोष्ट सूचक आहे.

हा फरक पंडिती नाही. तो समजून घेण्यासाठी महाडला जावे. तेथील नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपल्या माणसांचा हात लागू शकला नाही. तळ्याकाठच्या सवर्ण गृहस्थाला विचारले असते, तर तो शांतपणे म्हणाला असता, 'आम्ही कोणाची हानी करीत नाही. आम्ही फक्त आमचा आचार पाळतो.' आणि त्याला ते मनापासून खरे वाटले असते! वेगळा पेला, वेगळी विहीर, वेगळी वस्ती ही ज्यांनी निर्माण केली, त्यांच्या दृष्टीने ती हानी नव्हतीच, ती रीत होती. जी हानी रीत बनून समाजात स्थिर झाली आहे, ती व्यक्तीच्या हिशेबात दिसत नाही. 'हानी करू नकोस' हा नियम तिला शिवतही नाही, कारण ती रोज नव्याने कोणी करीत नसतो. ती फक्त चालू राहते.

म्हणून सद्धम्म नकारावर थांबत नाही. बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे आधारस्तंभ मानले. धम्म हा मूलतः सामाजिक आहे, एकट्याच राहणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही, पण दोन माणसांचा संबंध आला की धम्मावाचून सुटका नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रीडचा आरंभ 'मी' आणि 'माझी इच्छा' येथून होतो व दुसरा माणूस त्यात मर्यादा म्हणून येतो. धम्माचा आरंभच दोन माणसांमधील नात्यापासून होतो. पंचशीलाचे सार रीडमध्ये आहे काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : अर्धे आहे, आणि जे अर्धे नाही, त्याच अर्ध्यासाठी आपल्या लोकांनी धर्म बदलला.

तिपटीचा नियम आणि कम्म

विक्कन लेखनात दुसरे एक तत्त्व सर्रास आढळते. जे भले वा बुरे आपण जगात पाठवितो, ते तिपटीने आपल्याकडे परत येते, असे ते तत्त्व आहे. त्याचे बीज गार्डनरच्या १९४९ सालच्या कादंबरीत सापडते. पुढील लेखकांनी त्याला 'कर्म' हा आपल्याकडचा शब्दही जोडला. सर्वच विक्कन ते शब्दशः मानीत नाहीत, हे नमूद केले पाहिजे.

हे तत्त्व पुढे पाहणाऱ्याला संयम शिकवीत असेल; पण तेच मागे वळविले की भयंकर होते. जे करावे ते परत येत असेल, तर ज्याच्या वाट्याला दुःख आले, त्याने ते पूर्वी कधीतरी केलेच असले पाहिजे! या एका अनुमानाने आपल्या कितीतरी पिढ्या गावकुसाबाहेर राहिल्या. पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा उपयोग दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, एवढाच आहे, असे बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे लिहिले आहे. त्यांच्या विवेचनात कम्म म्हणजे जगातील नैतिक व्यवस्था : माणसाच्या कुशल-अकुशल कर्मांनी समाजाची स्थिती घडते किंवा बिघडते. त्यात कोणा एकाच्या खात्यावर जमा-खर्च मांडलेला नाही. अमुक कर्माचे तिप्पट फळ, असा हिशेब मांडणारी नीती ही व्यापाराची नीती होय. तथागताने चेतनेला कर्म म्हटले, व्याजाला नव्हे.

दिशांना वंदन

विक्कन विधीचा आरंभ वर्तुळ आखून आणि चार दिशांना आवाहन करून होतो. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी, अशी सामान्यतः योजना असते. स्टारहॉक यांनी या विधीचे वर्णन मोठ्या रसाळपणे केले आहे. ते वाचताना आम्हांला राजगृहाच्या सिगालाची आठवण झाली. पहाटे ओल्या वस्त्रांनी आणि ओल्या केसांनी तो सहा दिशांना हात जोडीत उभा होता, कारण वडिलांनी मरताना तसे सांगितले होते. तथागताने त्याचा उपहास केला नाही; त्याने दिशांचा अर्थ बदलला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व श्रमिक आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये आहेत. सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, हेही त्यात आहे. सिगालाच्या दिशा रिकाम्या होत्या. तथागताने त्यांत माणसे आणून उभी केली. विक्कन वर्तुळ सुंदर आहे, परंतु त्याच्या चार कोनांत तत्त्वे उभी आहेत. मजूर कोठेच नाही.

स्टारहॉक यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांची श्रद्धा वर्तुळात अडकून राहिलेली नाही. कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यन अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या १९८१ च्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. दुसऱ्यावर गाजविण्याची सत्ता आणि माणसाच्या आतून उमलणारे सामर्थ्य यांत त्यांनी केलेला भेद मननीय आहे. सर्व जीवन परस्परांत गुंतलेले असल्यामुळे न्याय ही बाहेरून लादलेली गोष्ट नव्हे, हा त्यांचा विचार प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्यांना परका वाटणार नाही.

मात्र देवता स्त्रीरूप झाली की स्त्रीची प्रतिष्ठा वाढते, हे त्यांचे गृहीतक आपल्या अनुभवाला उतरत नाही. आपल्याकडे देवींची वाण कधीच नव्हती. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणी बहुतांशी कोणत्या वस्त्यांतून आल्या, हे दक्षिण महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील आपल्या बांधवांना सांगावे लागत नाही. देवीच्या नावानेच त्या मुलींचे आयुष्य विकले गेले. जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, जोगतिणी व मुरळ्या यांच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना तो जीवनक्रम सोडण्याचे आवाहन केले. दुसरी अधिक चांगली देवी त्यांनी सुचविली नाही. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा होण्यास २००५ साल उजाडले. ज्या पश्चिमी स्त्रीने आयुष्यभर केवळ पुरुषरूप ईश्वराचेच नाव ऐकले, तिला देवीच्या कल्पनेने धीर मिळत असेल, हे आम्ही समजू शकतो. परंतु बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला देवाचे लिंग बदलल्याने समाधान होणार नाही.

'विच' आणि 'डाकीण'

इप्सिता रॉय चक्रवर्ती यांच्या आत्मकथनाने आम्हांला सर्वांत अधिक अस्वस्थ केले. त्यांनी या देशात उघडपणे स्वतःला 'विच' म्हणवून घेतले. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून तो अभिमानाने मिरविणे, यात धैर्य आहे. अपमानाच्या नावाशी आपलाही जुना परिचय असल्यामुळे त्या धैर्याचा आम्ही आदर करतो.

पण हा शब्द मराठीत आणला की काय होते? सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात ज्या बाईला 'डाकीण' ठरविले जाते, तिला तो शब्द स्वीकारावा की नाकारावा, असा पर्याय नसतो. गावात कोणी आजारी पडते, गुरे दगावतात, भगत एका नावाकडे बोट दाखवितो. आणि ते नाव बहुधा एकट्या स्त्रीचे, विधवेचे किंवा जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशा बाईचे असते. बिहारने याविरुद्ध १९९९ साली कायदा केला, झारखंडने तो २००१ साली स्वीकारला; छत्तीसगडने २००५ साली, ओडिशा व महाराष्ट्राने २०१३ साली आणि राजस्थानने २०१५ साली कायदे केले. महाराष्ट्रातील कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, तेव्हा कुठे शासनाला जाग आली. झारखंडच्या छुटनी महतो यांना स्वतः 'डायन' ठरवून छळण्यात आले होते. त्यांनी पुढे अशाच स्त्रियांना आधार दिला. आसामच्या बिरुबाला राभा यांनीही या प्रथेविरुद्ध आयुष्य वेचले. दोघींना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

हे दोन्ही प्रकारचे धैर्य शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे फरक ध्यानात येतो. एकीने शब्दाचा अर्थ बदलला. दुसऱ्या दोघींनी त्या शब्दामागची श्रद्धाच खोटी ठरविली. ज्या स्त्रीला शिक्षण, नाव आणि निवारा आहे, ती 'मी विच आहे' असे म्हणू शकते व दुसऱ्या दिवशी सुरक्षित घरी असते. छुटनी महतो तसे म्हणत्या, तर गावाने तो कबुलीजबाबच मानला असता. जादूवर विश्वास कायम ठेवून केवळ जादूगारिणीला चांगली म्हटल्याने ही हत्या थांबत नाही. चांगली जादू आहे असे मानले, की वाईट जादूही आहे हे मानावे लागते. आणि वाईट जादू आहे असे मानले, की ती कोण करतो याचा शोध सुरू होतो. अपमानाचे नाव उजळवीत बसण्याऐवजी ते नाव देणारी व्यवस्थाच सोडून जाणे, हा मार्ग बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दाखविला. आम्हांला तोच अधिक खात्रीचा वाटतो.

आपल्या घरात

शेवटी लूरमन यांच्या ग्रंथाविषयी. शिकलेली, नोकरी-व्यवसाय करणारी माणसे जादू मानू लागतात ती एका रात्रीत नव्हे, असे त्यांनी दाखविले आहे. ती आधी गंमत म्हणून विधी करतात, मग त्यांची भाषा शिकतात, मग योगायोगांना त्या भाषेत अर्थ देऊ लागतात आणि हळूहळू त्यांचा समजच सरकत जातो. लंडनविषयीचे हे निरीक्षण वाचून आम्हांला हसू आले नाही, कारण आम्हांला आपलीच घरे आठवली. परित्राणपाठ झाल्यावर मनगटाला बांधलेला पांढरा दोरा प्रथम स्मरणचिन्ह असतो. मग परीक्षेच्या दिवशी तो काढायचा नाही असे ठरते. मग तो तुटला की आई घाबरते. बुद्धमूर्ती कोणत्या दिशेला ठेवली असता भरभराट होते, असे प्रश्न आमच्याकडे उपासकांकडून येतात. हीच ती सरकण! केवट्ट सुत्तात तथागताने ऋद्धिप्रातिहार्याची किळस व्यक्त करून उपदेश हेच खरे प्रातिहार्य मानले. लोकांना चमत्कार दाखविणाऱ्या पिण्डोल भारद्वाजाला त्याने दोष दिला. त्याच्याच नावाने आपण ताईत बांधू लागलो, तर विक्कनांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात आजार, लग्न, मुलाचा जन्म आणि प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, असे म्हटले आहे. ते करावेत, पण त्यांचे फळ अल्प आहे. दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम हेच खरे धम्ममंगल होय, असे तो सांगतो. या शिलालेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याच्या परिसरात १९५६ साली सापडला. ज्या वर्षी आपण धम्माकडे परतलो, त्याच वर्षी मातीतून तो वर यावा, हा निव्वळ योगायोग आहे, आणि तो योगायोगच मानावा. लूरमन यांच्यापासून आम्ही एवढे तरी शिकलो.

ही पुस्तके वाचावीत काय? जरूर वाचावीत. व्हॅलिएंट आणि हटन यांची तर अवश्य. श्रद्धा आणि सत्य यांत निवड करण्याची वेळ आली असता प्रामाणिक माणसे कशी वागतात, हे त्यांत दिसते. स्टारहॉक वाचाव्यात, पण देवीपेक्षा त्यांच्या न्यायविचारासाठी. आणि ज्या उपासिकेच्या प्रश्नामुळे हा परामर्श लिहिला गेला, तिला आमचे सांगणे आहे, की तिने पुढच्या वर्गात सिगालोवाद सुत्त वाचून दाखवावे व सहाही दिशांना आज आपल्या वस्तीत कोण उभे आहे, याची यादी करून आणावी. खालच्या दिशेपासून सुरुवात करावी.